सिरसाळ्याच्या पेटींतलीं पत्रें

शंभर वर्षांपूर्वीं सिरसाळ्याच्या एखाद्या गृहस्थानें एकाच सकाळीं दोन पत्रें लिहिलीं, एक औरंगाबादेस व दुसरें अहमदनगरास, तर त्या दोन पत्रांना दोन निराळ्या सरकारांचीं तिकिटें लागत. दोन्ही शहरें आज महाराष्ट्रांत आहेत, दोहोंचींहि नांवें आतां बदललीं आहेत, आणि सिरसाळ्यापासून दोहोंच्या अंतरांत म्हणण्यासारखा भेद नाहीं. परंतु बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता आणि नगर जिल्हा इंग्रजांच्या. हैदराबाद संस्थानचें टपालखातें स्वतंत्र, तिकीट स्वतंत्र, आणि ज्या पैशांत तें तिकीट विकत घ्यावयाचें तो पैसाहि स्वतंत्र. ग्वाल्हेर, पतियाळा इत्यादि कांहीं संस्थानांनीं इंग्रज सरकाराशीं करार केले होते व त्यांचीं तिकिटें सबंध हिंदुस्थानांत चालत. हैदराबादचा तसा करार नव्हता. त्याचें तिकीट संस्थानच्या शिवेवर येऊन थांबे.

ही गोष्ट पुस्तकांतून आम्हांस ठाऊक होती. परंतु एका कुटुंबाच्या संसारांत ती कशी वागली, हें पाहावयास मिळालें तें सिरसाळ्यास.

परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव आहे. वैजनाथाच्या दर्शनास आलेला यात्रेकरू अहल्याबाई होळकरांनीं जीर्णोद्धार केलेलें तें मंदिर पाहून बहुधा अंबाजोगाईकडे वळतो. बीडचा रस्ता धरणारा थोडा, आणि त्या थोड्यांतूनहि सिरसाळ्यास उतरणारा विरळा. परळीच्या वीजकेंद्राचीं धुराडीं पाठीमागें पडलीं कीं दोहों बाजूंस काळी जमीन लागते. कापूस, ज्वारी, तूर. पाऊस बरा झाला असेल तर मधून मधून ऊंस. दिवाळी होतांच या भागांतून ऊंसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या भरून निघतात, आणि कितीएक घरांना पुढें चार-पांच महिने कुलूप असतें. म्हणजे परगांवीं गेलेल्या माणसाची वाट पाहणें या मुलखाला नवें नाहीं. येथें ज्या घराची हकीकत सांगावयाची आहे त्या घरानें मात्र ती वाट फार लांबून पाहिली.

तें घर जुन्या वतनदारांचें. दगडी जोतें, सागवानी तुळया, पुढें ढेलज, मागें आड. चार भावांचीं कुटुंबें एके काळीं एका चुलीवर जेवत. आतां वाड्यांत कायमच्या राहतात त्या नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाई आणि त्यांचे एक पुतणे. बाकीचे पुणें, संभाजीनगर, एक तर थेट कॅनडांत. वाड्याची वाटणी ठरली होती, भिंती उतरवावयाच्या होत्या, आणि त्या निमित्तानें माळ्यावरची एक लोखंडी पेटी खालीं आली. तींत पत्रें आहेत व तीं परदेशचीं आहेत, एवढें कळल्यावर पुण्याच्या पुतण्यांनीं जुन्या टपालाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थास फोनवरून छायाचित्रें पाठविलीं, आणि त्यांचें उत्तर आल्यावर घरांत मतभेद उत्पन्न झाला. आम्हांस या विषयाचा नाद आहे हें ठाऊक असल्यामुळें पुतण्यांनीं आम्हांस बोलावलें. निर्णय देण्यास नव्हे. काय आहे तें नीट पाहून सांगण्यास.

पेटी उघडल्याबरोबर वेखंडाचा वास आला. कोण्या शहाण्या माणसानें पोथ्यांत घालावें तसें फडक्यांत बांधून तें चारी कोपऱ्यांत ठेविलें होतें, आणि कसरीनें एकहि कागद खाल्ला नव्हता. वरच्या थरांत निजामी टपालाचीं कार्डें होतीं. जुन्या टपालाच्या संग्राहकांत दोन पंथ आहेत. एक तिकिटें जमविणारांचा, आणि दुसरा, संख्येनें लहान परंतु आमच्या मतें अधिक रसिक, अशा लोकांचा कीं जे तिकीट ज्यावर छापलेलेंच असतें तीं कार्डें, पाकिटें व लखोटे अखंड स्थितींत जमवितात. तिकीट पुष्कळदां कोरेंहि मिळतें; वापरलेलें कार्ड म्हणजे मात्र कोणीतरी, कोणालातरी, कोठूनतरी कांहींतरी सांगितल्याचा पुरावा.

या छापील टपालसाहित्याचा जन्म हास्यास्पद झाला. १८४० सालीं इंग्लंडांत पहिलें तिकीट निघालें त्याच सुमारास विल्यम मुलरेडी नांवाच्या चित्रकाराकडून तेथील टपालखात्यानें एक चित्रमय पाकीट काढविलें. त्यावर ब्रिटानिया देवी चारी खंडांत दूत धाडीत आहे, हत्ती आहेत, उंट आहेत. लोकांनीं त्याची इतकी टर उडविली कीं तें मागें घ्यावें लागलें. आज तेंच पाकीट संग्राहक जपून ठेवतात. कार्डाची कल्पना मात्र पहिल्यापासून यशस्वी ठरली. १ ऑक्टोबर १८६९ रोजीं ऑस्ट्रिया-हंगेरीनें जगांतलें पहिलें कार्ड काढलें; हिंदुस्थानांत तें १ जुलै १८७९ रोजीं आलें, किंमत पाव आणा. दुसऱ्याचें पत्र उघडें वाचतां येणें अनेकांना पहिल्यानें अमर्याद वाटलें. पण पाव आण्याच्या मोहापुढें मर्यादा किती दिवस टिकणार!

हैदराबादनें पहिलें तिकीट १८६९ सालीं काढलें व पुढें कार्डें आणि पाकिटेंहि काढलीं. १८७१ पासूनच्या तिकिटांवर फारसीबरोबर इंग्रजी, मराठी व तेलुगु लिपींतहि किंमत असे. राज्यकर्त्यांची भाषा एक आणि प्रजेच्या अनेक, हें त्या इंचभर कागदावरहि लपत नाहीं. सरकारी कामाच्या तिकिटांवर ‘सरकारी’ हा शब्द उर्दूंत छापीत. हाली रुपया इंग्रजी रुपयापेक्षां हलका. सात हाली म्हणजे सहा कलदार असा ढोबळ हिशेब. शिक्के उर्दूंत, आणि संस्थानचा कारभार फसली सनाचा. फसली सनांत ५९१ मिळविले कीं इसवी सन येतो, पण वर्षारंभ ऑक्टोबरच्या आरंभीं आझूर महिन्यानें होत असल्यामुळें शरद ऋतूंतल्या तारखा वाचतांना जपावें लागतें. १९३१ सालीं हैदराबादनें चित्रांचीं तिकिटें काढलीं. एक आण्यावर चारमिनार, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचें द्वार, एक रुपयावर दौलताबादचा मनोरा. मराठवाड्याचीं दोन स्थळें अशीं तिकिटावर आलीं खरीं, परंतु ज्या तिकिटाला नगरच्या हद्दींतहि मज्जाव, त्यानें अजिंठ्याची कीर्ति जगांत काय पसरावी!

पेटींतल्या कार्डांवर अक्षर बहुतेक मोडी, पत्ता कोठें बालबोध तर कोठें उर्दू. पुष्कळांच्या कोपऱ्यांना कुंकवाचें बोट लागलेलें आहे. मुंज, लग्न, बारसें यांचीं तीं कार्डें. उलट जातीचीं कार्डें त्यांत एकहि नाहीं, आणि तें स्वाभाविकच आहे. ज्यांत मृत्यूची वार्ता असे त्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवीत. टपालवाला तें हातीं देतांच घरच्या माणसास न वाचतां कळे. तें कार्ड उंबऱ्याच्या आंत आणीत नसत. बाहेरच वाचून फाडून टाकीत व मग स्नान करीत. त्यामुळें महाराष्ट्रांतल्या कोणत्याहि घरच्या जुन्या पत्रसंग्रहांत जन्म व विवाह मुबलक आढळतात, आणि माणसें मात्र कधीं मेलींच नाहींत असें वाटतें. संग्राहकानें ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. जें उरलें तेवढेंच घडलें, असें समजणें बरोबर नाहीं.

दुसऱ्या थराला हात घातला तेव्हां आत्याबाई माजघराच्या दारांत येऊन बसल्या. “तीं माझ्या धाकट्या काकांचीं,” एवढेंच त्या म्हणाल्या.

हे काका १९३६ च्या सप्टेंबरांत मुंबईहून बोटीनें विलायतेस शिकावयास गेले. वाटेवरचीं त्यांचीं चित्रकार्डें क्रमानें लाविलीं कीं प्रवास डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि टपालाचा इतिहासहि. एडनच्या कार्डावर चित्र अरबस्तानचें, परंतु तिकीट हिंदुस्थानचें. कारण एडनचें टपाल तेव्हां हिंदुस्थानच्या तिकिटांवरच चाले. १ एप्रिल १९३७ पासून तें ठाणें हिंदुस्थानापासून वेगळें झालें व तेथें स्वतःचीं तिकिटें आलीं. काका सहा-सात महिने उशिरां निघते तर तें कार्ड निराळें दिसतें. पोर्टसय्यदच्या कार्डावर मिसरचें तिकीट. पुढें इंग्लंडांतून आलेल्या पत्रांत तर एका वर्षांत तीन राजे होऊन गेले आहेत. पहिल्या पत्रांवर पंचम जॉर्ज, जे त्या जानेवारींतच वारले होते, पण ज्यांचीं तिकिटें अद्यापि खपत होतीं. मग आठवे एडवर्ड, ज्यांचीं तिकिटें सप्टेंबरांत निघालीं आणि ज्यांनीं ११ डिसेंबरास गादी सोडली. आणि १९३७ च्या उन्हाळ्यापासून सहावे जॉर्ज. आठव्या एडवर्डांचें राज्य अल्प म्हणून त्यांचें तिकीट दुर्मिळ असावें असा पुष्कळांचा समज असतो. तसें नाहीं. तीं तिकिटें अमाप छापलीं गेलीं व आजहि स्वस्त मिळतात. पुण्याच्या पुतण्यांचा येथें थोडा हिरमोड झाला.

पाकिटांवरचा पत्ताहि वाचण्यासारखा आहे. घराचें नांव, मग सिरसाळा, तालुका मोमिनाबाद, जिल्हा बीड, निजामचें राज्य, दक्षिण हिंदुस्थान. मोमिनाबाद म्हणजे आपली अंबाजोगाई. परळीचा भाग तेव्हां त्या तालुक्यांत मोडे. घर हललें नाहीं, पत्ता मात्र हलत राहिला. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली, १ एप्रिल १९५० रोजीं संस्थानचें टपाल भारतीय टपालांत विलीन झालें, १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्यानें योजिलेले पिनकोडाचे सहा आंकडे त्यावर चढले.

आतां मुख्य चमत्कार. या पेटींत काकांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें आहेत, तशीं घरानें काकांस लिहिलेलींहि आहेत. असें सहसा आढळत नाहीं. आलेलीं पत्रें घरीं राहतात, गेलेलीं परक्या देशांत नाहींशीं होतात. येथें दोन्ही बाजू एकत्र येण्याचें कारण ही पेटीच आहे. ती घरची नव्हे, काकांची. ती त्यांच्या मागून विलायतेहून आली.

घरून गेलेल्या पाकिटांवर इंग्रजी तिकीट आणि सिकंदराबादचा शिक्का आहे. व्यापारी गृहस्थांनीं छायाचित्रांवरून त्यांची नोंद ‘सिकंदराबाद ते इंग्लंड’ अशी केली होती, व तेवढ्यावरून तसेंच वाटणार. परंतु आंतलें पत्र काढलें कीं वर ‘मुक्काम सिरसाळा’ असें स्वच्छ लिहिलें आहे. उलगडा घरच्या एका निजामी पाकिटावरून झाला. पेटींत सिकंदराबादच्या आप्तांचींहि पत्रें आहेत. त्यांतल्या एकांत मजकूर आहे कीं आपण धाडलेलें विलायतचें पाकीट पोहोंचलें, तिकीट लावून छावणीच्या टपालांत टाकलें, हशिलाचे कलदार आपल्या नांवें मांडले आहेत. म्हणजे सिरसाळ्याहून पत्र निघे तें निजामी पाकिटाच्या पोटांत बसून. सिकंदराबादेस, जेथें इंग्रजांची छावणी व त्यांचें टपालहि होतें, तेथें तें बाहेरचें कवच टाकून नव्या तिकिटानिशीं समुद्राकडे जाई. ज्या घराला आपल्या गांवाच्या टपालांतून मुलास सरळ पत्र टाकतां येत नव्हतें त्यानें अडीच वर्षें एकहि आठवडा चुकविलेला नाहीं. पाकीट व पत्र यांची फारकत केली असती तर सिरसाळ्याचें नांव या हकीकतींतून पुसून गेलें असतें. तिकिटासाठीं पाकिटाचा कोपरा कातरणारीं मुलें आणि पाकिटासाठीं पत्र फेकून देणारे मोठे, यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाहीं.

परदेशच्या टपालानें मराठी घरांत काय केलें याचा आणखी एक दाखला सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्यांतली टपालाची बाजू कोणी पाहत नाहीं. गोपाळराव जोशी टपालखात्यांत नोकर होते. आनंदीबाईंच्या शिक्षणासंबंधानें त्यांनीं कोल्हापुरास पूर्वीं असलेल्या वाइल्डर नांवाच्या अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेला मजकूर अमेरिकेंतल्या मासिकांत छापला गेला, आणि १८८० सालीं न्यू जर्सींतल्या रोसेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं तो दंतवैद्याच्या दिवाणखान्यांत बसल्या असतां वाचला. त्यांनीं पत्र घातलें. ओळख नाहीं, देख नाहीं. केवळ टपालाच्या जोरावर दोघी मावशी-भाची झाल्या, आणि १८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई कलकत्त्याहून बोटींत बसल्या त्या या बाईंच्या घरीं जाण्यासाठीं. आता ही पत्रें दहा वर्षें आधीं सुरू झालीं असतीं तर? १८७४ सालीं बर्न येथें राष्ट्रांनीं टपालाचा संघ स्थापन केला. हिंदुस्थान त्यांत १ जुलै १८७६ रोजीं शिरला. त्यापूर्वीं परदेशचें पत्र ज्या ज्या देशांतून जाई त्या त्या देशाचा हिस्सा हशिलांत धरावा लागे, आणि करार नसेल तेथें पत्र पुरतें पोहोंचतेंच असें नाहीं. संघानंतर एक तिकीट लावलें कीं तें जगाच्या पाठीवर चालूं लागलें. बदलीच्या गांवीं बिऱ्हाड करणाऱ्या टपालबाबूला रोसेलपर्यंत पत्रव्यवहार परवडला, त्यांत बर्नच्या त्या कागदाचा वांटा आहे. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजीं डॉक्टर झाल्या व पुढच्याच फेब्रुवारींत पुण्यास वारल्या. काशीबाई कानिटकरांनीं त्यांचें चरित्र लिहिलें त्याचा मोठा आधार हीं पत्रें होत. कोणी तीं कोपरे कातरून ठेविलीं नाहींत, हें आपलें भाग्य.

सिरसाळ्याच्या काकांचीं पत्रें १९३८ पर्यंत बोटीनें येत. पाकिटावरची विलायतची तारीख आणि घरच्या वडिलांनीं पाठीवर मोडींत टिपलेली पोहोंचल्याची तारीख ताडून पाहिली तर मध्यें तीन आठवड्यांच्या आंतबाहेर दिवस पडतात. १९३८ च्या वसंतापासून तेच दीड पेनीचें तपकिरी तिकीट असतांना हें अंतर एकाएकीं निम्म्याहून कमी होतें. आत्याबाईंच्या वडिलांनीं एका पाठीवर ‘लवकर आलें’ असें लिहून खालीं रेघ ओढली आहे. त्यांस कारण कळलें होतें कीं नाहीं कोण जाणे. कारण असें कीं फेब्रुवारी १९३८ पासून ब्रिटिश साम्राज्यांतलें साधें पत्रहि जादा हशील न घेतां विमानानें नेण्याची योजना हिंदुस्थानला लागू झाली. इंग्लंडहून कराचीपर्यंत इंपीरियल एअरवेजचीं विमानें, आणि कराचीहून मुंबईकडे टाटांचें विमान, जें १५ ऑक्टोबर १९३२ पासून टपाल नेत होतें. दीड पेनींत पत्र आभाळांतून येऊं लागलें. पुढें परळीपासून मात्र वाट पूर्वींचीच. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पेटलें आणि ही योजना बंद पडली. युद्धाचें एकहि पत्र पेटींत नाहीं.

तेथपर्यंत पत्रें पोहोंचलींच नाहींत. १९३९ च्या फेब्रुवारींत एक पाकीट आलें. तेंच तिकीट, तोच गांवचा शिक्का. आत्याबाई तेव्हां सहा वर्षांच्या होत्या, आणि त्यांनीं तो दिवस आम्हांस जसा सांगितला तसाच येथें देतों. विलायतचें पत्र म्हणजे घरांत सण. आजी तें हातीं घेऊन आधीं देवांपुढें ठेवी, कुंकवाचें बोट लावी, आणि मग फोडी. त्या दिवशींहि तसेंच केलें. आई मागून म्हणाली, “अक्षर भाऊजींचें नाहीं.” कोणीं ऐकलें नाहीं. पत्र इंग्रजींत होतें, म्हणून शाळेच्या मास्तरांस बोलावणें गेलें. सगळें घर माजघरांत गोळा झालें होतें. मास्तरांनीं पत्र मनांत वाचलें, घडी घातली, आणि “उद्यां सावकाश सांगतों,” असें म्हणून ते उठले. आजोबा त्यांच्या मागोमाग ढेलजेपर्यंत गेले. परत आले ते एकटे.

काका जिच्या घरीं राहत त्या बाईनें तें पत्र लिहिलें आहे. निमोनिया झाला, अकरा दिवस आजार होता, शेवटचे दोन दिवस ते आपल्या भाषेंत बोलत होते व ती आपणांस कळत नव्हती याचें वाईट वाटतें, असा मजकूर. त्यांच्या सामानाची पेटी बोटीनें धाडीत आहें, पत्रें मीं उघडून पाहिलेलीं नाहींत. तार आली नव्हती; निघालीच नाहीं कीं वाटेंत राहिली, हें घरांत कोणास कधींच कळलें नाहीं. त्या बाईला कोपरा फाडण्याची आपली चाल कशी ठाऊक असणार? म्हणून जी वार्ता उंबऱ्याबाहेर राहावयाची ती कुंकू लावून देवांपुढें बसली. त्या पाकिटाच्या वरच्या कडेस कुंकवाचा तांबूस डाग अजून आहे.

मेलेल्या माणसाचें पत्र ठेवूं नये म्हणून गांवच्या जाणत्यांनीं सांगून पाहिलें. आजीनें ऐकलें नाहीं. पेटी उन्हाळ्यांत आली तेव्हां तें पाकीट तिनें आपल्या हातानें तींत ठेविलें आणि वेखंड बांधलें.

व्यापारी गृहस्थांनीं नेमकें हेंच पाकीट पहिल्यानें मागितलें होतें. त्यांत त्यांचा दोष नाहीं. विमानयोजनेच्या दुसऱ्या वर्षाचें, शिक्के स्वच्छ असलेलें, निजामाच्या मुलखांतल्या खेड्यास गेलेलें पाकीट; कोणाहि संग्राहकाची नजर तेथेंच जाईल. आमचीहि गेली. कुंकवाच्या डागाबद्दल त्यांनीं ‘किंचित डागाळलेलें’ असा शेरा मारला होता व त्यापायीं किंमत थोडी उतरविली होती. पुण्याच्या पुतण्यांचें म्हणणें असें कीं पेटी वाटणींत कोणाच्या वांट्यास जाणार? चार घरांत चार गठ्ठे होतील आणि पुढच्या पिढींत रद्दीच्या दुकानांत जातील; त्यापेक्षां ज्यास कदर आहे त्याच्या हातीं पैसे घेऊन गेलेलीं बरीं. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. घराण्याच्या अभिमानानें ठेविलेलीं व वाळवीनें खाल्लेलीं दप्तरें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि परक्या संग्राहकानें जपल्यामुळेंच वांचलेलीं पत्रेंहि पाहिलीं आहेत. मुंबईच्या जाल कूपरांसारखे संग्राहक-व्यापारी झाले नसते तर या देशाच्या टपालाचा कितीतरी इतिहास आज लिहितां आला नसता.

सिरसाळ्याच्या पुतण्यांचें म्हणणें निराळें. “आत्या, तुम्ही सांगाल तसें करूं,” असें ते म्हणत, आणि आत्याबाई कांहींच सांगत नसत.

आमचें मत विचारलें तेव्हां आम्हीं एवढेंच म्हटलें कीं विकावयाचीं तर सगळीं मिळून विका, आणि ठेवावयाचीं तर सगळीं मिळून ठेवा. जाणारीं व येणारीं पत्रें, निजामी पाकिटें, सिकंदराबादच्या आप्तांचा हिशेब, बाईचें पत्र, यांतलें एक काढलें तरी बाकीचें मुकें होतें. पैशांच्या दृष्टीनेंहि अशा अखंड गठ्ठ्याचें मोल सुट्या पाकिटांच्या बेरजेपेक्षां कमी होत नाहीं. मग जपणुकीच्या चार गोष्टी सांगितल्या. चिकटपट्टी कोठेंहि लावूं नये, ती दहा वर्षांत कागद खाते. प्लास्टिकच्या साध्या पिशव्यांत घालूं नये, आम्ल नसलेल्या कागदांत सैल गुंडाळावें. घड्या उलगडून ठेवाव्या, पण पाकिटापासून पत्र लांब जाऊं देऊं नये; दोहोंवर शिसपेन्सिलीनें एकच आंकडा घालावा. पावसाळा संपल्यावर एकदां सावलींत वारा द्यावा. आणि कुंकू पुसूं नये.

तेव्हां आत्याबाई पहिल्यानें बोलल्या. त्यांची मागणी अगदीं साधी होती. घरून काकांस गेलेलीं पत्रें मोडींत आहेत. तीं त्यांच्या आईनें, वडिलांनीं, आजीच्या सांगण्यावरून लिहिलेलीं. स्वतः आत्याबाई बालबोध शिकल्या, मोडी त्यांना येत नाहीं. ऐंशीहून अधिक वर्षें ती पेटी डोक्यावरच्या माळ्यावर होती, आणि तींत आपल्याविषयीं आईनें काय लिहिलें आहे हें त्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें. “सगळीं मला वाचून दाखवा,” त्या म्हणाल्या, “मग विका नाहींतर ठेवा.”

पुण्याच्या पुतण्यांनीं त्याच संध्याकाळीं व्यापारी गृहस्थांस फोन करून थांबावयास सांगितलें. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक अंबाजोगाईस मिळाले; ते आठवड्यांतून दोनदां येऊं लागले. आम्ही दुसऱ्या वेळीं गेलों तेव्हां भिंती उतरविण्याचें काम मागच्या सोप्यापासून सुरू झालें होतें, माजघर अजून शाबूत होतें, आणि कॅनडाचे पुतणे फोनवरून ऐकत बसले होते. पत्रांत निम्मा मजकूर पावसाचा, कापसाच्या भावाचा आणि कोण कोणाकडे बाळंतपणास आली याचा. मधूनच एक ओळ: धाकटी आतां पाटीवर ‘श्री’ काढते व तुझें नांव घेऊन पोस्टाच्या माणसामागें वेशीपर्यंत धांवते. ही धाकटी म्हणजे आत्याबाई. त्यांनीं ती ओळ पुन्हां वाचावयास लाविली. एकूण पत्रें एकशें एकोणीस. वाचन तेव्हां १९३७ च्या संक्रांतीपर्यंत आलें होतें.